घरच्या घरी दुरुस्ती: तुम्ही कुठपर्यंत हात घालता?

उंबराखाली | शनिवार, सकाळी ८:१२

मंडळी, आमच्या स्वयंपाकघरातला नळ गेले बारा दिवस गळतोय. प्लंबरला चार फोन झाले. दर वेळी एकच उत्तर, "आलोच." पहिल्या आलोचला मी अर्धी रजा टाकून घरी थांबलो, दुसऱ्याला बायको थांबली, तिसऱ्याला आईला बसवलं. चौथ्याला कुणीच थांबलं नाही आणि तोही आला नाही, म्हणजे फिट्टंफाट.

काल रात्री ती टपटप डोक्यात जायला लागली म्हणून उठून खाली पातेलं ठेवलं. रात्री ११ ते सकाळी ७. सकाळी दुधाच्या मापाने मोजलं तर पावणेदोन लिटर. म्हणजे दिवसाला सव्वापाच. एरवी हे पाणी झाडांना घालून मनाची समजूत काढली असती, पण आमच्याकडे एप्रिलपासून टँकर सुरू आहेत आणि परवाच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाणी जपून वापरा असं भाषण मीच ठोकलंय.

तर आता स्वतःच करावं म्हणतो. अनुभव शून्य. घरात एक पक्कड, एक टेस्टर आणि वडिलांच्या वेळचा गंजका पाना आहे. सिंकवरचा मिक्सर नळ आहे, गरम-गार अशा दोन मुठी, अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या. गळतोय गारकडून. (गरमचा कॉक खालून बंद केला तरी गळती तशीच राहते, एवढा शोध मी लावलाय.)

नळाचं सांगाच, पण एकूणच विचारायचं होतं. घरातल्या कुठल्या दुरुस्त्या तुम्ही स्वतः करता आणि कुठे हात जोडता? फसलेले किस्से आधी सांगा, तेवढाच धीर येईल.

पाववडा | शनिवार, सकाळी ८:३१

रुमाल टाकून ठेवतो. आमचा फ्लश गळतोय.

वर्कशॉपवाले काका | शनिवार, सकाळी ९:०५

उंबराखाली, तुमचा तो शोध चांगला आहे, अर्धं काम झालं. मी एस.टी.च्या दापोडीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली. तिथे आमचे मिस्त्री नवीन पोराला पहिला आठवडा पाना हातात देत नसत. नुसतं बघायला लावत. कुठून येतं, कुठे जातं, कुठे बंद होतं.

त्यामुळे पहिलं काम हे की पाणी कुठे बंद होतं ते शोधा. सिंकखाली दोन अँगल कॉक असतील, ते पूर्ण बंद होतात का बघा. बरेचदा होत नाहीत. दहा वर्षं कुणी फिरवलेले नसतात, आत क्षार धरतो आणि फिरवले की मुठीच्या बुडातून तेच गळू लागतात. तसं झालं तर मुठीमागची चपटी ग्लँड चक्री पाऊण नाही, अर्धा नाही, पाव फेरा आवळा. थांबते. हे कॉक बंद होत नसतील तर घराचा मेन कॉक, आणि तोही दाद देत नसेल तर गच्चीवर टाकीखालचा व्हॉल्व. हे आधी बघून ठेवायचं. नळ उघडून बसल्यावर शोधायला निघालात तर पोहत निघावं लागेल.

आता नळाबद्दल. जुन्या पितळी तोटीला आत रबरी वायसर असायचा. तीनचार फेरे फिरवायचा नळ, वायसर झिजला की आपण आणखी जोर लावून बंद करायचो आणि तो आणखी झिजायचा. पाच मिनिटांचं काम. तुमचा नळ अर्ध्या फेऱ्याचा आहे, म्हणजे आत वायसर नाही, सिरॅमिकच्या दोन चकत्या आहेत. एक स्थिर, एक फिरणारी. भोकासमोर भोक आलं की पाणी चालू. चकत्यांमध्ये वाळूचा कण गेला की ओरखडा पडतो आणि तिथून थेंब सुटतो. टँकरच्या पाण्याने हे हमखास होतं. याला दुरुस्ती नाही, अख्खी काडी बदलायची. दुकानात काट्रेज म्हणा, स्पिंडल म्हणा, काहीही म्हणा, पण जुना नग हातात घेऊन जा. फोटो नाही. नग. मुठीत अडकणाऱ्या टोकाला बारीक दाते असतात, ते प्रत्येकाचे वेगळे. लांबी वेगळी. आणि मिक्सरला गरमचा आणि गारचा उलट्या दिशेने उघडणारा असतो, म्हणजे डावं-उजवंही बघावं लागतं.

मुठीवर लाल-निळी टिकली असेल, ती ब्लेडने अलगद उचला, खाली स्क्रू दिसेल. सिंकच्या भोकावर फडकं टाका, नाहीतर तो स्क्रू तिथेच जाणार. हे मी अनुभवाने सांगत नाही असं समजा.

चिमटा | शनिवार, सकाळी १०:२०

काका, फडक्याचं अगदी अगदी! माझे दोन स्क्रू आणि एक कानातलं तिथे आहे.

मी नाशिकची. आमच्याकडे दुरुस्तीखातं माझ्याकडे आहे, नवरा टॉर्च धरतो. (टॉर्च धरणं हेही शास्त्र आहे. जिथे मी बघतेय तिथे प्रकाश पाहिजे, जिथे तो बघतोय तिथे नाही.) सुरुवात झाली मिक्सरपासून. पुरणाची डाळ वाटताना अचानक नुसता घर्र आवाज, भांडं ढिम्म. सासूबाई म्हणाल्या, "गेला मिक्सर, पुरणयंत्र काढा." उलटा करून पाहिला तर भांडं बसतं तिथला काळा प्लास्टिकचा कपलर, त्याचे सगळे दात गुळगुळीत. मोटर ठणठणीत होती.

कपलर दुकानात मिळाला काही रुपयांत, पण जुना निघता निघेना. मी नेहमीसारखा डावीकडे फिरवतेय, घामाघूम. शेवटी शेजारच्या आयटीआयवाल्या मुलाने सांगितलं, "काकू, मोटर ज्या बाजूला फिरते त्याच बाजूला फिरवा, सुटेल." आणि सुटला की! नंतर विचार केला तेव्हा पटलं. मोटर फिरताना भांड्यातली डाळ कपलरला मागे ओढते. आटे साधे असते तर चालता चालता कपलर सुटून आला असता, म्हणून उलटे आटे दिलेत, वाटताना आपोआप घट्ट होत जातात. खालचा दांडा धरायला मिक्सर उलटा करून बुडाच्या झाकणातून मोटरच्या शाफ्टची खाच स्क्रू ड्रायव्हरने धरायची. प्लग काढून, हे सांगायला नको, पण सांगते.

आणि मिक्सर एकदम मुका झाला तर दुकानात न्यायच्या आधी बुडाशी लाल बटण असतं ते दाबून बघा. जास्त भार आला की ते उडतं. आमच्या नणंदबाईंनी त्यासाठी १५० रुपये दिलेत, दाबणावळ.

पाववडा | शनिवार, सकाळी १०:४४

दाबणावळ =))

जर्सीचा_जोशी | शनिवार, सकाळी ११:१५

मी न्यू जर्सीत. इथे प्लंबर "आलोच" म्हणत नाही, तो पुढच्या गुरुवारची वेळ देतो आणि दारात पाऊल टाकल्याचेच शंभर-दीडशे डॉलर घेतो. पहिल्या बिलानंतर मी माणूस झालो.

@पाववडा, फ्लश गळतो म्हणजे टाकीतून कमोडमध्ये सारखी बारीक धार चालू आहे का? डोळ्यांनी खात्री होत नसेल तर टाकीत खाण्याचा रंग टाका, जिलबीचा चालतो, आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडमधलं पाणी केशरी झालं तर टाकीच्या बुडाचं रबरी सील गेलंय. टाकी भरायचा आवाज थांबतच नाही आणि पाणी वरच्या नळकांड्यातून वाहून जाताना दिसतंय, तर दोष पाणी आत सोडणाऱ्या फ्लोटचा. दोन्ही सुटे भाग मिळतात. तिकडच्या ड्युअल फ्लशमध्ये ते मधलं नळकांडं पाव फेरा फिरवलं की बाहेर येतं, बुडाशी रबरी चकती दिसेल. पुष्कळदा ती फाटलेली नसतेच, तिच्यावर क्षाराचा थर असतो. पुसून उलटी करून लावली तरी काही महिने निघतात.

माझा पहिला फसलेला किस्सा हवा असेल तर: इथे सिंकखाली खरकटं दळायचं यंत्र असतं. ते अडकलं. मी नवं आणायला निघालो होतो, तीनशे डॉलरची तयारी. शेजारचा म्हातारा आला, बुडाच्या भोकात षटकोनी किल्ली घालून मागेपुढे केली, लाल बटण दाबलं, चालू. आत लसणाची मुळी होती. चिमटाताईंचं लाल बटण वाचून तेच आठवलं.

तत्त्वतः | शनिवार, दुपारी १२:०२

सगळं कौतुक ठीक आहे, पण एक शंका. आपण सगळेच असे पाने-पकडी घेऊन बसलो तर हातावर पोट असणाऱ्यांनी काय करायचं? दोनशे रुपये वाचवायला तुम्ही दोन रविवार घालवणार. त्यात प्लंबरचं घर चाललं असतं. हॉटेलात एका वेळेला हजार रुपये सहज जातात तेव्हा हा स्वावलंबनाचा झटका कुठे असतो?

उंबराखाली | शनिवार, दुपारी १२:१०

अहो, तो यायला तर पाहिजे ना! मी पैसे घेऊन बारा दिवस दारात उभा आहे.

कृष्णाकाठ | शनिवार, दुपारी २:४०

जेवून आलो. मला यावर बोलायचा हक्क आहे, कारण सांगलीत माझं प्लंबिंग-इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि माझ्याकडे चार पोरं काम करतात.

@तत्त्वतः, भावना चांगली आहे, पण हिशेब बघा. एका नळाच्या कामाला पोरगं जायचं म्हणजे तीन किलोमीटर जाणं, बघणं, परत दुकानात येऊन नग नेणं, बसवणं. दीड तास गेला. दोनशे मागितले तर गिऱ्हाईक म्हणतं, "एवढ्याशा कामाचे?" त्याच दीड तासात नव्या बांधकामावर तो दुप्पट कमावतो. म्हणून तो "आलोच" म्हणतो आणि येत नाही. त्याला नाही म्हणता येत नाही एवढाच त्याचा गुन्हा. तेव्हा वायसर, जाळी, जेट स्प्रे, फ्लशची रबर, एवढं तुम्ही करा. आमच्या पोटावर काही पाय येत नाही, उलट नग आमच्याकडूनच नेता.

आमचं पोट भरतं ते तुम्ही बिघडवून ठेवलेल्यावर. खोटं नाही सांगत. महिन्यातून चार-पाच गिऱ्हाइकं येतात, "नळ बदलत होतो, आत काहीतरी कट झालं." म्हणजे भिंतीतला एल्बो, पाइपचा वळणाचा तुकडा, फुटला. आता टाइल फोडायची, नवी टाइल त्याच रंगाची मिळत नाही, घरात भांडण. कारण एकच, जास्त आवळणं. पूर्वी भिंतीत जीआयचा लोखंडी पाइप असायचा, त्याला सूत-सफेदा लावून पाइप पान्याने लोंबकळून आवळायचे, तो सहन करायचा. आता भिंतीत असतो सीपीव्हीसी, तो फिक्कट पिवळसर प्लास्टिकचा पाइप. जिथे नळ बसतो तिथे पितळेचे आटे असलेला तुकडा असतो, पण तो पितळेचा तुकडा बसलाय प्लास्टिकमध्ये. तुम्ही लोखंड समजून ताकद लावता, तो आतल्या आत फिरतो.

नळ हाताने आवळा. हात थांबला की पान्याने फार तर एक फेरा. तोंड सरळ खाली येत नसेल, तर पुढे रेटू नका आणि मागेही फिरवू नका. मागे फिरवलं की आट्यांवरची टेफ्लॉनची टेप सुटलीच समजा. काढा, टेप दोन वेढे वाढवा किंवा कमी करा, परत बसवा.

आणि टेपची दिशा. आट्यांचं तोंड स्वतःकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्यांसारखी गुंडाळायची, ताणून, आट्यांत रुतेल अशी. उलटी गुंडाळली तर नळ आवळताना ती सोलून बाहेर येते. दहा-बारा वेढे. जाहिरातीत दोन दाखवतात, ती टेप वेगळी असावी, आपल्याकडची पापडासारखी पातळ.

वर्कशॉपवाले काका | शनिवार, दुपारी ३:१५

सूत-सफेदा! कृष्णाकाठ, दिवस आठवले. आमच्या चाळीत तो ताग दाढीसारखा बाहेर लोंबत असायचा, पण चाळीस वर्षं गळला नाही.

चिमटा | शनिवार, दुपारी ३:३०

म्हणजे तो खरा धागा, हा आपला नुसता आंतरजालीय.

पंख्याखाली | शनिवार, दुपारी ४:५०

माझी भर. सीलिंग फॅन हळू झाला असेल, रेग्युलेटर पाचवर ठेवूनही वारा लागत नसेल, तर नव्वद टक्के वेळा कपॅसिटर. फॅनच्या वरच्या वाटीत काडेपेटीएवढा काळा-पांढरा ठोकळा, त्यावर २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरॅड असं लिहिलेलं असतं. जो आकडा असेल तोच आणायचा. "जास्तीचा टाका, जोरात फिरेल" असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, फॅनची वाइंडिंग तापते. स्टुलावर चढायचं, दोन वायरी सोडायच्या, दोन जोडायच्या, झालं. मी बटण बंद करून करतो.

नीलांबरी_वीज | शनिवार, संध्याकाळी ५:१२

@पंख्याखाली, थांबा. "बटण बंद करून" एवढं पुरेसं नाही.

मी विद्युत अभियंता आहे, वीस वर्षं हेच काम. भिंतीवरचं बटण फेज, म्हणजे वीज आणणारी तार, तोडतं असं आपण धरून चालतो. वायरिंग करणाऱ्याने फेज-न्यूट्रल उलटं जोडलं असेल तर बटण बंद असूनही पंख्यात फेज हजर असते. जुन्या घरांत हे मी कितीदा पाहिलंय. म्हणून बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे त्या भागाची वीज तोडणारा खटका, खाली, आणि घरात कुणी तो वर करणार नाही असं ओरडून सांगून ठेवायचं. आमच्या घरी त्यावर चिकटपट्टी लावतात. मग टेस्टरने बघायचं, आणि टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो जिवंत आहे का ते बघायचं. लागला नाही म्हणजे वीज नाही असं नसतं, टेस्टर मेला असेल. काढलेल्या कपॅसिटरच्या दोन वायरी बोटांनी धरू नका. प्लास्टिक मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने एकमेकींना टेकवा. पंख्याच्या कपॅसिटरचा झटका जीव घेईल असा नसतो, पण स्टुलावरून पाडायला पुरतो.

धागाकर्त्याने विचारलंय हात कुठे जोडायचे. माझ्यापुरतं सांगते. मायक्रोवेव्हचं मागचं कव्हर मी स्वतः उघडत नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपास दबा धरून बसलेलं असू शकतं. एसीचा गॅस नाही. गॅस गीझर तर अजिबात नाही. त्याची ज्योत नीट जळली नाही आणि बाथरूमला हवा नसली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. वास नाही, रंग नाही, माणूस आंघोळीलाच बसून राहतो. दर हिवाळ्यात बातम्या येतात. तो बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवावा, याला पर्याय नाही. सिलिंडर-शेगडीचा वास आला तर साबणाचा फेस लावून गळती दिसते, पण ती दिसल्यावर आपण काही करायचं नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेचं कुठलंही बटण दाबायचं नाही, आणि घराबाहेर येऊन गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, १९०६ ला फोन. शेगडीची ती केशरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते. आज रात्री जाऊन वाचा.

विजेच्या गीझरचं थोडं वेगळं. २ किलोवॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचाच पॉइंट लागतो. पाण्याला झिणझिण्या आल्या, म्हणजे आतली कॉइल फुटून पाण्यात वीज उतरतेय. त्या दिवशी "बघू उद्या" नाही. प्लग काढा आणि बोलवा माणूस. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका, असेल तर तो आधीच पडलेला असेल. तो वारंवार पडतो म्हणून काढून टाकणारे महाभाग मला माहीत आहेत. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबा, पडला पाहिजे. नाही पडला तर तो शोभेचा आहे.

लांबलं. पण हे कुणीतरी लिहायला हवं होतं.

पंख्याखाली | शनिवार, संध्याकाळी ५:२०

मान्य ताई. आत्ताच टेस्टर लावून पाहिला. आमचं बटण बंद असताना पंख्याच्या वायरीत फेज आहे. गेली सहा वर्षं मी असाच चढतोय. जरा पाणी पितो.

तत्त्वतः | शनिवार, संध्याकाळी ५:४१

ही एक पोस्ट अख्ख्या धाग्याची किंमत वसूल करून गेली. कृष्णाकाठ यांचा हिशेबही पटला. माघार.

बटाटेभाजी | शनिवार, रात्री ९:०३

विजेवरून जरा हलकं. फ्रिजमध्ये भाजीच्या ट्रेखाली रोज तळं. कंपनीचा माणूस आला, बघितलं, "कॉम्प्रेसर वीक आहे, पाच हजार." मी म्हटलं विचार करून सांगते. मग फ्रिजच्या आत, मागच्या भिंतीला तळाशी एक बोटाएवढं भोक दिसलं, त्यात कोथिंबिरीची काडी उभी! त्या भोकातून वितळलेलं पाणी मागे जातं, कॉम्प्रेसरवरच्या ताटलीत पडून तिथल्या गरमीने वाळतं. भोक तुंबलं की पाणी आत. लहान मुलांच्या औषधाच्या पिचकारीने कोमट पाणी मारलं, तिसऱ्या पिचकारीला घळ्ळ आवाज झाला. तेव्हापासून तळं नाही. कोथिंबीर डब्यात.

ट्यूलिपकर | रविवार, पहाटे २:१७

नेदरलँड्सहून. इथे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रिपेअर कॅफे. मार्टिन पोस्टमा या बाईंनी २००९ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये पहिला भरवला. आता पुष्कळ गावांत भरतात, दुसऱ्या देशांतही. शनिवारी ग्रंथालयात किंवा सभागृहात चार-सहा टेबलं, प्रत्येकावर एखादे निवृत्त आजोबा नाहीतर आजी, आणि तुम्ही तुमचा टोस्टर, इस्त्री, फाटकी पँट घेऊन जायचं. दुरुस्ती फुकट, पण एक अट: टेबलासमोर बसून बघायचं. ठेवून जायचं नाही. माझी इस्त्री चाळीस मिनिटांत झाली. वायर मुठीजवळ आतून तुटली होती, कारण मी ती गरम असतानाच घट्ट गुंडाळून ठेवायचे. आजोबांनी मला त्यावरून मराठी सासऱ्यासारखं बोलून घेतलं, डचमध्ये.

वर्कशॉपवाले काका | रविवार, सकाळी ६:५०

अट आवडली. बघायचं, ठेवून जायचं नाही.

पुणे_५२ | रविवार, सकाळी १०:१०

उपकरणं उघडायला जड बनवतात हेही खरं ना? पूर्वी चार स्क्रू काढले की रेडिओ उघडायचा. आता चिकटवलेलं, नाहीतर चांदणीसारखे स्क्रू. आमच्या कपडे धुण्याच्या मशीनचं ड्रमचं बेअरिंग गेलं, बाहेरचा टबच सीलबंद, त्यामुळे दोन-चारशेच्या बेअरिंगसाठी अख्खा टब बदला म्हणाले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला, ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलंय. तिथे कंपन्यांनी आपली माहितीपत्रकं, सुटे भाग, वॉरंटी यांची माहिती द्यावी अशी कल्पना आहे. कुणाला काही तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. मला तिथून उत्तर आलं, टब मात्र अजून आलेला नाही.

त्याच मशीनचं एक काम मात्र मी करतो. पुढून उघडणाऱ्या मशीनला खाली उजव्या कोपऱ्यात छोटं झाकण असतं, आत पंपाची गाळणी. पाणी बाहेर जात नाही, कपडे निथळत नाहीत, तेव्हा आधी तिथे बघावं. झाकण काढायच्या आधी शेजारच्या बारीक नळीतून पाणी ताटलीत काढून घ्या, नाहीतर दहा लिटर पाणी पायावर. मागच्या महिन्यात आमच्या गाळणीतून निघालं: पाच रुपयांचं नाणं, ब्लाउजचे दोन हुक आणि सत्यनारायणाची सुपारी.

चिमटा | रविवार, सकाळी १०:२२

सुपारी! म्हणजे गणपती विसर्जन झालेच नव्हते, ते फिरत होते.

उंबराखाली | रविवार, दुपारी १२:४५

मंडळी, अहवाल.

काल संध्याकाळी अँगल कॉक बंद करायला गेलो. गारचा पूर्ण बंद झालाच नाही, धार राहिली. काकांची भविष्यवाणी. घरातला मेन कॉक बाथरूमच्या माळ्यावर, तो जागचा हललाच नाही. मग गच्चीवर गेलो, टाकीखाली सहा व्हॉल्व, एकावरही नाव नाही. अंदाजाने एक फिरवला आणि बायकोला फोन, "थांबलं का?" नाही. दुसरा. नाही. चौथ्याला थांबलं. त्यावर आता माझ्या हस्ताक्षरात "किचन" असं मार्करने लिहिलंय.

टिकली ब्लेडने उचलली. स्क्रू काढला. फडकं टाकलं होतं, त्यामुळे स्क्रू फडक्यावर पडला, मला काकांना मिठी मारावीशी वाटली. पण मूठ निघेना. ओढली, हलवली, नाही. क्षाराने धरलेली. बायकोने लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवलेला कापूस भोवती गुंडाळून अर्धा तास ठेवला, मग हातात आली. खालची पितळी नट सोडवली आणि काडी बाहेर. बुडाशी चकतीवर नखाने लागेल असा ओरखडा. एवढ्याशा ओरखड्यातून दिवसाला सव्वापाच लिटर.

आता माझी चूक. रविवारी सकाळी बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत जायचं तर पार्किंग मिळत नाही, म्हणून जवळच्याच दुकानात गेलो, आणि नग घरी विसरून गेलो. फोटो होता. दुकानदाराने फोटो बघून एक दिला. घरी आलो, दाते जुळेनात. परत. या वेळी नग नेला. त्याने दोन्ही शेजारी ठेवून दाते मोजले, जुन्याला २०, त्याने आधी दिलेल्याला २४. बदलून आणला, बसवला, गच्चीवर जाऊन पाणी सोडलं. थेंब नाही! दहा मिनिटं मी सिंकसमोर नुसता उभा होतो.

मग आईने नळ उघडला आणि म्हणाली, "हा उलटा का उघडतो?" डावं-उजवं. काका, तुम्ही लिहिलं होतं, मी वाचलंही होतं. गारची मूठ आता गरमच्या दिशेने उघडते. घरात ठराव झालाय की हे असंच ठेवायचं, कारण परत दुकानात जायला कुणी तयार नाही.

खर्च: काडी १४० रुपये, रिक्षा नाही, चालत. प्लंबरचा आत्ता फोन आला होता, "येऊ का?"

कृष्णाकाठ | रविवार, दुपारी १:०५

अभिनंदन! त्याला येऊ द्या. तो हलत नसलेला मेन कॉक आणि बंद न होणारा अँगल कॉक, ही त्याची कामं आहेत. दोन्ही एकदम करायला सांगा, मग तो नक्की येतो.

पाववडा | रविवार, दुपारी १:३०

केशरी झालं! कमोड केशरी झालं! रबर काढली, धुतली, उलटी लावली, थांबलं. जर्सीकर, धन्यवाद. फक्त आता बायको विचारतेय जिलबीचा रंग कुठे गेला.

वर्कशॉपवाले काका | रविवार, दुपारी १:४८

उंबराखाली, पहिल्या प्रयत्नाला हे पुष्कळ झालं. उलटं उघडतं तर उघडू दे, सवय होते. एक विचारतो. चौथ्या व्हॉल्वला पाणी थांबलं म्हणता. आधीचे तीन फिरवून पाहिलेत, ते परत उघडलेत ना?

उंबराखाली | रविवार, दुपारी १:५३

तरीच मघापासून जिन्यात आवाज येतोय. आलोच.